सातव्या महिन्याची बरणी

"देवापुढे मोठी अडचण होती. माल फार आणि पेटी लहान."

मामांनी असं म्हटलं की पहिल्या वर्षाची मुलं हसायची, आणि ती हसली की मामा ओठांवर बोट ठेवायचे. "हसा, पण हळू. इथं सात जण झोपलेत."

मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात, डिसेक्शन हॉलच्या मागच्या लांबट खोलीत भिंतीला एक लाकडी फळी होती. तिच्यावर काचेच्या सात बरण्या. प्रत्येकीत फॉर्मालिन, आणि फॉर्मालिनमध्ये जन्माला न आलेल्या एकेका बाळाचा मेंदू. तिसऱ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत, ओळीनं. खोलीला खिडकी एकच, तीही उत्तरेला, म्हणून दुपारीही उजेड पांढरट आणि थंड. त्या उजेडात बरण्यांसमोर उभे राहून मामा तेहतीस वर्षं नव्या मुलांना मेंदू सांगत आले होते. कागदावर त्यांचं पद हॉल अटेंडंटचं. देह धुणं, टेबलं पुसणं, बरण्यांचं पाणी बदलणं हे त्यांचं काम. पण प्राध्यापकांचा तास संपला की मुलं म्हणायची, "मामा, आता तुमचं प्रवचन होऊ द्या."

आणि प्रवचन व्हायचं. आवाज मोकळा, गळ्यात चाल, मध्येच हात वर.

"आधी काय असतं? एक पट्टी. नखाएवढीसुद्धा नाही. बाहेर आई अजून बोटांवर दिवस मोजतेय, खरं की खोटं म्हणून, आणि आत ती पट्टी दोन्ही कडांनी उचलली जाऊन चटईसारखी गुंडाळायला लागलेली असते. झाली नळी. नळीच्या टोकाला तीन फुगे. त्या फुग्यांतून पुढे मोठा मेंदू, मागे लहान मेंदू, आणि खाली देठ. देठाला कमी समजू नका बरं का. श्वास, छातीचे ठोके, चोखणं, गिळणं, सगळा कारभार देठाकडे. मालक झोपला तरी हा राखणदार जागा. आता वरचं साल. ते वाढतंय, वाढतंय. पसरलं तर उशीच्या अभ्र्याएवढं होईल, आणि ठेवायचंय नारळाएवढ्या पेटीत. मग तो वरचा काय करतो?"

"घडी घालतो!" मुलं ओरडायची.

"घडी घालतो," मामा हात जोडायचे. "आणि कशी घालतो, ते ह्या सातांना विचारा." मग ते गायचे. गाणं त्यांचं स्वतःचं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी जुळवलेलं:

*तिसऱ्यात बोर, चौथ्यात लिंबू, पाचव्यात अंडं गोल गोल;*
*सहाव्यात उमटे एकच रेघ, सातव्यात विसावा, ढळे न तोल;*
*आठव्यात सरीला फुटली सरी, नवव्यात अक्रोड झाला तयार;*
*इवल्या डोक्यात मावलं शेत, घडी घालणारा फार हुशार.*

सातव्या महिन्याच्या बरणीपाशी ते थोडे थांबायचे. त्या बरणीतला मेंदू सगळ्यांत देखणा. पाण्यातून काढलेल्या गोट्यासारखा गुळगुळीत, एक सुरकुती नाही. "बघा, सहाव्यात रेघ उमटली आणि सातव्यात गडी निवांत झाला. दमतो बिचारा. एक महिना विसावा घेतो आणि मग आठव्यात एकदम नांगर धरतो."

एका वर्षी एका मुलीनं पुस्तक उघडून दाखवलं होतं. "मामा, इथं तर सातव्या महिन्यात बऱ्याच घड्या दाखवल्यात."

"पुस्तक छापणाऱ्यानं ही बरणी पाहिली नसेल," मामा म्हणाले. सगळे हसले. मुलीनं पुस्तक मिटलं.

सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं, घरी जावईसुद्धा मामाच म्हणायचा. बायको म्हणायची, "तुम्ही जगाचे मामा. एकटी मीच काय ती ह्या नात्यातून सुटले." संध्याकाळी ते दारात आले की ती आतूनच ओरडायची, "आधी अंघोळ! त्या बरण्यांचा वास बाहेर ठेवा, मग तोंड दाखवा." मग अंघोळ करून, ओले केस पुसत, मामा देवापुढे दिवा लावायचे. रोज. त्या सात जणांसाठी एक वेगळा नमस्कार करायचे. अशा माणसाच्या हातून जे घडलं ते सांगायला जीभ अडखळते. पण ते घडलं.

मामांच्या मुलीचं खरं नाव घरात कुणी घेत नव्हतं, सगळ्यांची ती चिमी. लग्नानंतर चार गल्ल्या सोडून राहायची. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, अबोल आणि नेमका माणूस. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर चिमीला दिवस गेले. चौथ्या महिन्यातली सोनोग्राफी चांगली आली. अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा केली, तेव्हा डॉक्टरीणबाई स्क्रीनकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या. यंत्र पोटावर एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवलं.

"डोक्याचं माप ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मेंदूवर ज्या घड्या दिसायला हव्यात, त्या मला दिसत नाहीत. माझ्या यंत्राची मर्यादाही असेल. मी पक्कं सांगत नाही. मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय करून घ्या, ह्याच आठवड्यात. गुरुवारची वेळ घेऊन देते."

दोघं तिथून थेट मामांकडे आली. रविवारची सकाळ होती. मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून चाकूला धार लावत होते. चिमीनं चप्पलही नीट काढली नाही.

"बाबा, सातव्या महिन्यात मेंदू कसा असतो?"

"कसा म्हणजे?"

"घड्या असतात?"

तिचा चेहरा पाहून मामांनी चाकू खाली ठेवला. जावयानं डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं सांगितलं, एक शब्द न गाळता. ऐकता ऐकता मामांच्या कपाळावरची आठी सुटत गेली, आणि शेवटी ते चक्क हसले.

"अगं वेडे! एवढंच? सातव्यात गुळगुळीतच असतो. विसावा असतो तो. थांब." त्यांनी फोन काढला. मुलांनी त्यांना बरण्यांसमोर उभं करून काढलेला एक फोटो होता. तो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला. "ही बघ. सातवी बरणी. आहे एक तरी घडी?"

चिमीनं फोन हातात घेतला. बराच वेळ बघितलं. मग तिचे खांदे खाली आले आणि ती तिथंच, फरशीवर, आईला टेकून बसली आणि रडायला लागली. सुटल्याचं रडणं.

"बघा, पोरीला उगाच घाबरवून सोडलं," आई म्हणाली. "ही हल्लीची यंत्रं. आमच्या वेळी पोटाला कान लावायचे आणि सांगायचे, सगळं नीट आहे."

जावई फोटोकडे बघत होता. "तरी मामा, गुरुवारी करून टाकू या. वेळ मिळालीच आहे."

"जावईबापू, तेहतीस वर्षं झाली मला."

"तसं नाही. पण आमच्याकडे एखादी काच चुकली तर दुसरी घासता येते. हे..."

"हे काय?" मामांचा आवाज चढला. "त्या बाईनं आयुष्यात किती मेंदू हातात धरलेत? पडद्यावरच्या सावल्या बघतात आणि लोकांची झोप उडवतात. त्या बोगद्यासारख्या यंत्रात पोरीला अर्धा तास निजवणार, तो धडधडाट, आणि आत ते एवढंसं लेकरू. कशाला?"

जावयानं चिमीकडे बघितलं. चिमी डोळे पुसत म्हणाली, "बाबांना माहीत नसेल तर कुणाला असेल?"

गुरुवारी ती दोघं गेली नाहीत. मामांनी त्या दिवशी देवापुढे दुप्पट वेळ हात जोडले. आभाराचे.

मग चार आठवडे सुखात गेले. हे लिहिताना हात जड होतो, पण खरंच सुखात गेले. चिमी बाळंतपणासाठी आईकडे राहायला आली. खिडकीत बसून जुन्या मऊ साड्यांची झबली शिवायची, एकेक टाका घालताना गुणगुणायची. बाळाच्या लाथा थोड्या कमी वाटतात, असं एकदा ती म्हणाली. आई म्हणाली, "तुझ्यावर गेलंय. तूही अशीच आळशी होतीस." सगळे हसले.

बत्तिसाव्या आठवड्यातली एक सकाळ. मामा कॉलेजला निघाले होते, बटणं लावत होते. खिडकीतून चिमीचा आवाज येत होता. ती पोटावर हात ठेवून बाळाला गाणं म्हणून दाखवत होती:

"सहाव्यात उमटे एकच रेघ, सातव्यात नांगर जाई खोल..."

मामांचा हात बटणावरच थांबला.

"काय म्हणालीस?"

"तुमचंच गाणं, बाबा."

"सातव्यात काय म्हणालीस?"

"सातव्यात नांगर जाई खोल." ती हसली. "असं काय बघता? तुम्हीच शिकवलंत. मी पहिलीत होते. तुमच्या खांद्यावर बसून मी अख्ख्या गल्लीला ऐकवायचे. आई ओरडायची, पोरीला बरण्यांची गाणी काय शिकवता म्हणून."

"विसावा," मामा म्हणाले. "सातव्यात विसावा असतो."

"ते तुम्ही नंतर केलंत. मला नाही आवडलं. चालीत बसत नाही." ती पुन्हा टाके घालायला लागली.

मामा कॉलेजला गेले. मागच्या खोलीत जाऊन सातव्या बरणीसमोर उभे राहिले. आणि बावीस वर्षांपूर्वीचं सगळं, जे त्यांनी खोटं म्हणून कधी लपवलं नव्हतं, फक्त इतक्या वेळा गायलं होतं की खऱ्याच्या जागी येऊन बसलं होतं, ते परत आलं.

सुट्टीचे दिवस होते. दर सुट्टीत बरण्यांचं पाणी बदलायचं असे. झाकणाभोवतीचं मेण खरवडायचं, जुनं फॉर्मालिन ओतायचं, नवं भरायचं. त्या दिवशी उजव्या हाताचा मोजा फाटला होता. सातवी बरणी निसटली. फरशीवर काच उडाली, आणि आतलं जे होतं ते ओल्या साबणाची वडी फुटावी तसं फुटलं. त्याच्यावर घड्या होत्या. खोल, नुकत्या नांगरलेल्या. मामांनी गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा उचलला होता, विभागाच्या दफनाच्या पेटीत ठेवला होता, हात जोडले होते. आणि मग घाम फुटला होता. ती रांग मोठ्या सरांनी, तेव्हाच्या विभागप्रमुखांनी, जमवलेली. सातवी बरणी मिळायला सरांना अकरा वर्षं वाट बघावी लागली होती. "ही माझी सात लेकरं," सर म्हणायचे.

खालच्या कपाटात आणखी बरण्या होत्या. त्यांच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला असे. ज्यांना लाल दोरा त्या रांगेत ठेवायच्या नाहीत, एवढं सरांनी सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. बहुतेकींकडे बघवायचं नाही, तिथं का ते कळायचं. पण एकीवर "सात महिने" असं लिहिलेलं होतं आणि आतला मेंदू मापाला अगदी तेवढाच, स्वच्छ, गुळगुळीत, सुंदर. मामांना वाटलं, हा जादाचा. एक असताना दुसरा कशाला, म्हणून खाली ठेवलेला. सात महिने ते सात महिने. रांगेतल्या कुणाच्या गळ्यात दोरा नव्हता, म्हणून त्यांनी कात्रीनं तो कापला आणि बरणी वर ठेवली. सरांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. दोन महिन्यांनी सर निवृत्त झाले. पुढचे प्राध्यापक पडद्यावर शिकवायला लागले. गाण्यातली एक ओळ बरणीशी जुळेना, तेव्हा मामांनी ओळ बदलली.

आता ती बरणी मामांनी कापडी पिशवीत घातली, दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि सरांच्या घरी चालत गेले. सर आता नव्वदीला टेकले होते. व्हरांड्यात आरामखुर्चीत बसलेले, पायांवर शाल.

"ये रे. इतक्या वर्षांनी?" सरांनी वासावरून ओळखलं असावं. "काय आणलंस?"

मामांनी बरणी त्यांच्या मांडीवर ठेवली. सरांनी खिशातून भिंग काढलं, बरणी उजेडाकडे धरली, हळूहळू फिरवली. एकदा. दुसऱ्यांदा.

"हिचा लाल दोरा कुठं आहे?"

मामा बरणीच्या गळ्याकडे बघत राहिले.

"मी विचारतोय, दोरा कुठं आहे?"

"कापला, सर."

"कधी?"

"बावीस वर्षं झाली."

"का कापलास?"

"रांगेतल्या दुसऱ्या कुणाला नव्हता म्हणून."

सरांनी भिंग खाली ठेवलं. मग मामांनी सगळं सांगितलं. फुटलेली बरणी, गाणं, फोटो, गुरुवार. शेवटी सर म्हणाले, ते अगदी हळू, तास घेतल्यासारखं:

"मेंदूच्या पेशी वर जन्मत नाहीत. आत जन्मतात, खोल, त्या पहिल्या नळीच्या भिंतीपाशी. तिथून वर सालापर्यंत चढून जायचं असतं त्यांना, धाग्याधाग्यानं. आधी निघालेल्या खाली थांबतात, मागून आलेल्या त्यांना ओलांडून वर जातात. लाखोंनी. ह्याच्यात त्या निघाल्या आणि वाटेतच बसल्या. पोहोचल्याच नाहीत. साल वाढायला हवं तसं वाढलंच नाही, मग घडी कशाची पडणार? म्हणून हा असा दिसतो. देखणा."

"बरं होतं का, सर?"

"नाही."

मामांनी ओठ ओले केले. "म्हणजे चार आठवड्यांपूर्वी कळलं असतं तरी..."

"तरी काय?" सर खुर्चीत ताठ झाले. "बरं झालं नसतं, म्हणजे काही बिघडलं नाही, हे ऐकायला आलास माझ्याकडे? ते चार आठवडे तिचे होते. रडायचे, विचारायचे, पुढे काय करायचं ते ठरवायचे. ते तू तिच्याकडून काढून घेतलेस आणि हातात खुळखुळा दिलास."

बरणी सरांच्या मांडीवरच होती. सरांनी ती मामांकडे दिली नाही. बराच वेळ धरून बसले. मग म्हणाले, "चूक माझीही आहे. दोरा का बांधतात, हे सांगायला मला काय झालं होतं? अटेंडंटला काय करायचंय, असं वाटलं असेल." आणि तोंड फिरवून म्हणाले, "जा आता. तिला सांग. माझ्याकडे कशाला वेळ घालवतोस?"

मामा घरी आले तेव्हा दुपार होती. बायको ओरडली, "आधी अंघोळ!" पण ते तसेच आत गेले. जावई जेवायला आलेला होता. चिमीच्या मांडीवर अर्धं झबलं. मामा उभ्यानंच बोलले. बसले असते तर बोलता आलं नसतं. बरणी आपल्या हातून फुटली, दुसरी ठेवली ती आजारी मुलाची होती, सातव्यात घड्या असतात, डॉक्टरीणबाई बरोबर होत्या.

गॅसवर दूध उतू गेलं, त्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही.

"तुम्हाला कधी आठवलं?" चिमीनं विचारलं.

"आज सकाळी. तू गात होतीस तेव्हा."

"मी गात होते तेव्हा," ती म्हणाली. मग तिनं सुई झबल्यात टोचून ठेवली, दोरा न तोडता, आणि झबल्याची घडी घातली.

आई पुढे आली. "अहो, नीट बघा, तुमचा आत्ताही काही घोटाळा होत असेल. एकदा चुकलं ते..."

"आई," चिमी म्हणाली, "दूध बघ."

जावई ताटावरून उठला, हात धुतले. मामांना वाटलं, आता हा बोलेल. त्यांना हवं होतं की त्यानं बोलावं. पण तो एवढंच म्हणाला, "चल. आजच जाऊ."

एमआरआय झाला. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या डब्यावर लावली. मागे भिंतीशी मामा उभे होते. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वरून घेतलेल्या कापात मेंदू इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दिसत होता, कडा सरळ, गुळगुळीत. ती सातवी बरणीच होती, फक्त पोरीच्या पोटात.

"देठ ठीक आहे, लहान मेंदूही ठीक दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे बाळ श्वास घेईल. पण वरचं साल तयार झालेलं नाही. बसणं, बोलणं, ओळखणं, ह्यांची आशा धरू नका. झटके येतील. गिळायला त्रास होईल. किती वर्षं, ते सांगता येत नाही." त्यांनी कागद चाळले. "अठ्ठाविसाव्या आठवड्यातच तुम्हाला पाठवलं होतं इथं. तेव्हा आला असता तर आपल्याला आधी बसून बोलता आलं असतं. का नाही आलात?"

मामांनी तोंड उघडलं. त्याआधी चिमी म्हणाली, "घरी अडचण होती."

एवढंच. मान वळवून तिनं मागे बघितलंही नाही. मामांना वाटलं, तिनं बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागप्रमुख बाईंना सगळं लिहून दिलं. बाईंनी कागद वाचला, चष्मा वर केला. "मामा, बावीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे कुणी बघतच नव्हतं. आता सगळं स्क्रीनवर आहे. जाऊ द्या, एवढं मनाला लावून घेऊ नका."

मामांनी जाऊ दिलं नाही. सरांकडून बरणी परत आणली, तिच्या गळ्याला लाल दोरा बांधला, दोन गाठी मारल्या आणि ती खालच्या कपाटात ठेवली. वरच्या फळीवर सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये जागा रिकामी राहिली. फळीवर धूळ नव्हती तिथं एक स्वच्छ गोल दिसत होता. त्या वर्षी नव्या मुलांनी प्रवचन मागितलं. मामा म्हणाले, "घसा बसलाय." मुलांनी रिकाम्या जागेबद्दल विचारलं. त्याचं मात्र त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत खरं उत्तर दिलं, चालीशिवाय, आणि शेवटी म्हणाले, "पुस्तक आणि बरणी जुळत नसतील तर मोठ्यानं विचारा. कुणी हसलं तरी पुस्तक मिटू नका."

मुलगा झाला. वजन ठीक, रंग गोरा, केस दाट. बघायला आलेली माणसं म्हणायची, "किती शांत आहे हो!" आणि चिमी मान हलवायची. सहाव्या आठवड्यात झटके सुरू झाले. हात छातीशी ओढले जायचे, मान पुढे, पुन्हा, पुन्हा, जणू कुणी आतून दोरी ओढतंय. दूध चमच्यानं थेंब थेंब घालायचं, एक घोट उतरायला पाच मिनिटं. बाळाचे डोळे उघडे असायचे, पण ते कुणावर थांबायचे नाहीत.

चिमी आईकडेच राहत होती. मामांशी ती कामापुरतं बोलायची. "औषध संपलंय." "दार लावा." मामा आल्याबरोबर अंघोळ करायचे, दिवा लावायचे आणि तिच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून बसायचे. आत जायचे नाहीत. देवाशी त्यांचं बोलणं बंद झालं नव्हतं. पण आता ते मागत काही नव्हते. नुसते हात जोडून बसायचे आणि मग ते हात उघडून बघायचे.

बायकोला सगळ्यांचा राग यायचा आणि सगळ्यांची कीवही. एकदा ती म्हणाली, "तो देव तरी कसला कारागीर! सगळ्यांच्या घड्या घातल्या आणि आमच्याच दाराशी येऊन हात दुखले त्याचे." मामा म्हणाले, "त्याला बोलू नकोस. बोलायचं तर मला बोल."

"तुम्हाला बोलून काय उरलंय?" ती म्हणाली आणि त्यांच्यापुढे ताट ठेवलं.

बाळाचा तिसरा महिना सरत आला होता. एका दुपारी बायको औषधांच्या दुकानात गेलेली, जावई कामावर. मामा उंबऱ्याबाहेर बसलेले. आतून बाळाचा तो आवाज आला, झटक्यापूर्वीचा, बारीक. चिमीला औषध कोमट पाण्यात कालवून आणायचं होतं आणि बाळाला एकटं ठेवायचं नव्हतं. ती दारात आली, बाळ छातीशी.

"धरा."

मामांनी हात मागे घेतले. "माझ्या हातून..."

"धरा म्हणते ना. दोन्ही हातांनी. डोक्याखाली हात."

त्यांनी धरलं. डोकं त्यांच्या उजव्या तळव्यात आलं. तेहतीस वर्षं ह्या तळव्यानं वजनं ओळखली होती, तराजूशिवाय. आतमध्ये किती आहे आणि काय आहे, हे त्याला कळलं. झटका आला, तीनदा, चारदा, आणि ओसरला. मामांनी हात हलवला नाही.

चिमी वाटी घेऊन आली, चमच्यानं थेंब थेंब घालायला लागली. घालता घालता, वाटीकडेच बघत म्हणाली, "आवाज कळत असेल त्याला, असं डॉक्टर म्हणाले. थोडाफार. कळतो की नाही देव जाणे."

मामांनी बाळाकडे बघितलं.

"म्हणा."

त्यांनी म्हटलं. चाल मोडत होती. बोर, लिंबू, अंडं गोल गोल. सहाव्यात उमटे एकच रेघ. तिथं ते थांबले.

चिमीनं चमचा वाटीत ठेवला. "पुढे."

"सातव्यात," मामा म्हणाले, "नांगर जाई खोल."

बाळाच्या मुठीत त्यांचं बोट कधीचं अडकलं होतं. तळव्याला काही लागलं की मूठ मिटते. ते देठाचं काम, त्यात ओळख नसते, हे त्यांनी शेकडो मुलांना सांगितलं होतं. त्यांनी बोट काढून घेतलं नाही. चिमीनं चमचा पुन्हा भरला, आणि ते आठव्यावर आले.